संगणकातला मदतनीस



विहिरीवर नवा पंप बसविला म्हणजे त्याच्यासोबत एक माहितीपुस्तिका मिळते. आपण ती कुठेतरी आढ्याला खोचून ठेवतो, आणि पंप अडला की घरभर शोधत बसतो. संगणकाची पुस्तिका मात्र बरीच वर्षे त्याच्या पोटातच असे. वरच्या ओळीतली ‘एफ १’ ही कळ दाबली की ती उघडायची. तिला ‘हेल्प’ म्हणजे मदत म्हणतात. ही मदत आपल्या सोयीप्रमाणे लावून घेता येते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तेच आज पाहू.

२००९ साली विंडोज ७ ही प्रणाली आली. कंपनीने तिची देखभाल जानेवारी २०२० मध्ये थांबविली. पण तुमच्या शाळेत असा जुना संगणक असेल, तर मदतीच्या खिडकीत ‘ऑप्शन्स’ असे बटण दिसेल. तेथे ‘टेक्स्ट साइझ’मधून अक्षर मोठे करून घ्यावे. चाळिशी लागलेल्या गुरुजींचा निम्मा त्रास तेवढ्याने वाचेल.

त्याच बटणाखाली ‘सेटिंग्ज’ उघडले की दोन चौकोन दिसतात. पहिला विचारतो, उत्तरे इंटरनेटवरूनही आणू काय? गावात इंटरनेट वरचेवर बंद पडत असेल, तर तेथली खूण काढावी. मग पोटातल्या पुस्तिकेतूनच उत्तर मिळते.

दुसरा चौकोन विचार करण्यासारखा आहे. मदत सुधारण्याच्या कार्यक्रमात सामील होता काय, असा तो प्रश्न. तेथे खूण केली, तर आपण काय शोधले, कोणत्या उत्तराला चांगले-वाईट म्हटले, हे कंपनीला कळविले जाते. हेतू पुस्तिका सुधारण्याचा, हे खरे. पण समजा, शोधाच्या जागी कोणी विद्यार्थ्याचे नाव किंवा मोबाइल नंबर लिहिला, तर? तोही सोबत जाऊ शकतो.

रेडिओ आपल्याशी बोलतो. पण आपण नागपूर लावले की भोपाळ, हे तो कोणाला सांगत नाही. संगणकातला मदतनीस बोलतो, ऐकतो, आणि ऐकलेले पुढेही पोचवतो. म्हणून होकार विचारपूर्वक द्यावा. २०२३ साली आपल्या देशात डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यातही संमतीला मोठे स्थान आहे, आणि अठरा वर्षांखालील मुलांसाठी ती पालकांनी द्यावयाची आहे.

विंडोज १० आणि ११ मध्ये ती जुनी पुस्तिका राहिली नाही. विंडोजची मदत मागितली की संगणक इंटरनेटकडे धावतो. तेथे ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रायव्हसी’ आणि मग ‘डायग्नोस्टिक्स अँड फीडबॅक’ उघडा. काही माहिती कंपनीकडे जातेच. पण जास्तीची, ऐच्छिक माहिती पाठविणे बंद करता येते. ‘टाइम अँड लँग्वेज’मध्ये मराठी निवडली, तर पडद्यावरची बरीचशी नावे मराठीत दिसू लागतात. इंग्रजीला बिचकणाऱ्या पोराला त्याने धीर येतो.

शिक्षक बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. संगणकाचा पहिला तास टायपिंगला देऊ नका. ही पाने मुलांसमवेत उघडा, एकेक प्रश्न मोठ्याने वाचा, त्याचा मराठीत अर्थ सांगा, आणि मगच खूण करायची की नाही ते ठरवा. पुढे हीच मुले बँकेचा, दवाखान्याचा, सरकारी योजनेचा कागद मोबाइलवर भरणार आहेत. तेथेही असाच चौकोन त्यांच्यापुढे येईल. त्या वेळी अंगठा टेकविण्यापूर्वी त्यांनी वाचावे, एवढी सवय शाळेतच लागली पाहिजे.