लहरींची गर्दी आणि संकटाची हाक

श्रोतेहो, मध्यमलहरींवर कार्यक्रम लागलेला असावा आणि रेडिओशेजारी कुणी मिक्सर सुरू करावा, की खरखर सुरू झालीच म्हणून समजा. मिक्सरच्या मोटारीतल्या ठिणग्यांतूनही रेडिओलहरी निघतात, आणि बिचाऱ्या रेडिओला आपलं कोण, परकं कोण, हे कळत नाही. गाण्यात खरखर आली तर फारसं बिघडत नाही. पण गाण्याच्या जागी संकटात सापडलेल्याची हाक असेल तर?

१४ एप्रिल १९१२ ची रात्र. ‘कॅलिफोर्नियन’ बोटीचा तारायंत्री ‘टायटॅनिक’ला बर्फाची सूचना देऊ लागला. टायटॅनिकचा तारायंत्री त्या वेळी दूरच्या केप रेस केंद्राकडे प्रवाशांचे निरोप धाडण्यात गुंतला होता. जवळच्या बोटीचा मोठा आवाज मध्येच घुसला, तेव्हा त्यानं तिलाच गप्प बसवलं. थोड्या वेळानं कॅलिफोर्नियनचा एकुलता एक तारायंत्री यंत्र बंद करून झोपी गेला. मग टायटॅनिक हिमनगावर आदळली. तिची हाक त्या बोटीवर ऐकायला कुणी जागं नव्हतं. सुमारे १५०० माणसं दगावली.

यावर पहिला उपाय निघाला तो शिस्तीचा. पुढे जहाजांसाठी नियम झाला, की ५०० किलोहर्ट्झवर दर तासाला दोनदा, तीन-तीन मिनिटं, सर्वांनी मुकाट्यानं कान देऊन ऐकायचं. जहाजावरच्या रेडिओ-खोलीतल्या घड्याळात तेवढा भाग तांबडा रंगवलेला असे.

दुसरा उपाय युक्तीचा. १९४२ मध्ये नटी हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथील यांना अमेरिकेत एक पेटंट मिळालं. संदेश एकाच वारंवारतेवर न ठेवता क्षणाक्षणाला दुसरीवर उडवायचा, ही त्यांची कल्पना. असं पाहा, बाजाराच्या गावी जायच्या वाटा पुष्कळ आहेत. सगळ्या गाड्या एकाच वाटेनं हाकल्या आणि ती चिखलानं अडली, तर सारा माल अडकतो. थोड्या थोड्या गाड्या निरनिराळ्या वाटांनी सोडल्या, तर बहुतेक माल पोचतो. मात्र कोणती गाडी केव्हा कोणत्या वाटेनं येणार, हे माल उतरवून घेणाऱ्याला आधी ठाऊक हवं.

याच घराण्यातली आणखी एक रीत आहे. प्रत्येक संदेशाला आपली सांकेतिक खूण द्यायची आणि तो रुंद पट्ट्यावर पसरायचा. जत्रेच्या गलक्यात आई आपल्या लेकराचा आवाज ओळखते, तसा ग्राहक त्या खुणेवरून आपला संदेश ओळखतो. रुग्णवाहिकेला वाट दाखवणारे जीपीएसचे उपग्रह एकाच वारंवारतेवर बोलतात, तरी त्यांची सरमिसळ होत नाही, ती याचमुळे. बुडत्या बोटीची हाक उपग्रहाकडे धाडणाऱ्या ४०६ मेगाहर्ट्झच्या नव्या पिढीच्या यंत्रांतही हीच रीत आहे.

पण मंडळी, युक्ती आली म्हणून शिस्तीला रजा देऊन चालत नाही. उपग्रहाचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो फार क्षीण होऊन. जवळच कुणी जॅमर लावला, तर तो बुडून जातो. म्हणूनच खासगी माणसानं जॅमर वापरणं आपल्याकडे कायद्यानं मना आहे.

शिक्षकबंधुभगिनींनी रेडिओ आणि मिक्सरचा प्रयोग वर्गात जरूर करून दाखवावा. खरखर ऐकून मुलं हसतील. मग त्यांना विचारा, या वेळी कुणी मदत मागत असता, तर आपल्याला ऐकू आलं असतं का?