तीस सेकंदांचे अंदाजपत्रक

(मंडळाच्या गणेशोत्सव व्याख्यानमालेत केलेले भाषण)



गणपतीपुढे बोलायला उभे राहायचे म्हणजे संतांवर, टिळकांवर नाहीतर श्रीमंत सयाजीराव महाराजांवर बोलायचे, अशी आपल्याकडची पद्धत. आम्हाला मात्र चिटणीसांनी विषय दिला, 'छोटा जाहिरातपट कसा करावा'. मंडळातली दहा-बारा मुले मोबाइलवर सारखी काहीतरी शूट करीत असतात, ओळखीच्या दुकानदारांची कामेही घेऊ लागली आहेत. त्यांना कोणीतरी चार गोष्टी सांगाव्यात, हे कारण.

आम्ही म्हणजे चौघे. एकाचा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ आहे, एक शाळेत चित्रकला शिकवतात, एक बँकेतून निवृत्त झालेले आणि तरुणपणी नाटकात कामे केलेले. चौथा आता आपल्यापुढे उभा आहे. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात लागला, चाळिशी उलटली, अजून तिथेच आहे. सरकारी नोकराला खाजगी धंदा करता येत नाही, म्हणून आम्ही कामाचे पैसे घेत नाही. चहा आणि शेव-उसळ घेतो. हिशेब मात्र पैशापैशाचा ठेवतो, ती खात्याची सवय.

बडोद्यात सिनेमावर बोलायचे तर दादासाहेब फाळक्यांचे नाव घेतल्याशिवाय सुरुवात कशी करणार? ते आपल्या कलाभवनात शिकले. पुढे 'राजा हरिश्चंद्र' काढायला भांडवल हवे होते आणि कोणाचा विश्वास बसत नव्हता, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. त्याची वाढ दिवसेंदिवस थोडी थोडी कॅमेऱ्यात टिपली आणि ती लहानशी फिल्म पैसे देऊ शकणाऱ्याला दाखवली. अंकूर फुटतो, वेल वर चढतो, बस्स. आमच्या मते हाच आपल्या देशातला पहिला जाहिरातपट. विकायचा माल एकच, तो म्हणजे 'मला हे यंत्र चालवता येते' ही गोष्ट. तेवढेच दाखवले. तरी पैसे पुरले नाहीत, सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले, हा भाग निराळा.

आता आमची गोष्ट. ती सांगायला आम्हाला थोडी लाज वाटते, पण ती सोडून दिली तर बाकी सल्ल्याला अर्थ उरत नाही.

आमच्या ओळखीच्या एक काकू मेतकूट, भाजणी, गोडा मसाला करून विकतात. काका गेल्यावर घर त्यावरच चालले. गिऱ्हाईक हळूहळू कमी होऊ लागले तेव्हा आम्हीच पुढे होऊन म्हटले, काकू, तुमची जाहिरात करू. त्यांनी आमच्या हातात अठरा हजार रुपये ठेवले. आम्ही हुरळून गेलो. भाड्याने भारी लेन्स आणली, दिवे आणले, गाडी ठरवली. दीड मिनिटाची फिल्म झाली. पहाटेचा सूरसागर, मांडवी, तुळशीवृंदावन, नऊवारी नेसलेली मुलगी, बासरी, आणि सगळे स्लो मोशनमध्ये. शेवटी दोन सेकंद सोनेरी पार्श्वभूमीवर सोनेरी अक्षरांत काकूंचा नंबर.

वाहवा पुष्कळ झाली. दोन महिन्यांत तीन बाटल्या गेल्या. चौघीजणींनी मात्र नऊवारी कुठून घेतली ते विचारले.

काकू काही बोलल्या नाहीत. पुढे त्यांच्या सुनेकडून कळले की ते अठरा हजार मोतीबिंदूच्या ऑपरेशनासाठी बाजूला ठेवलेले होते. ऑपरेशन लांबणीवर पडले. आम्ही कोणीच विचारले नव्हते की हे पैसे कुठले. तेव्हापासून आमच्या वहीत पहिल्या पानावर तो प्रश्न लिहिलेला असतो, आणि पोरांनो, तुम्हीही तो लिहा. समोरच्याने हा पैसा कशासाठी ठेवला होता? उत्तर ऐकून कधीकधी कामाला नकार द्यावा लागतो.

दुसरी जाहिरात आम्ही आमच्या खर्चाने करायचे ठरवले. या वेळी कॅमेरा बाहेर काढलाच नाही. दोन रविवार काकूंच्या स्वयंपाकघरात बसलो आणि त्यांची ऑर्डरींची वही वाचली. बांधकामात जागेची मोजणी केल्याशिवाय नकाशा काढीत नाहीत. पहिल्या वेळी आम्ही नेमके तेच केले होते, बिनमोजणीचा महाल बांधला होता.

वहीत काय दिसले? गिऱ्हाईक बहुतेक साठीच्या पुढचे. त्यांच्या सुना निम्म्या गुजराती. काहींनी लिहून दिलेले, 'कॅनडाला पाठवायचे आहे, पक्के पॅकिंग'. आणि मागणी केव्हा येते? कोणी आजारी पडले की, किंवा मुलगा शिकायला परगावी निघाला की. मऊ भात, तूप आणि मेतकूट. तोंडाला चव नसताना खायचे ते खाणे. संस्कृती वगैरे कोणी वहीत लिहिली नव्हती.

मग भाषेचा प्रश्न. आमचे निवृत्त मित्र म्हणाले, मराठी माल आहे, शुद्ध मराठीतच हवे. फोटोवाल्याचे म्हणणे, बडोद्यात गुजराती नको तर काय? दोन तास वाद. तेवढ्यात काकूंची सून चहा घेऊन आली. तीही गुजराती, घाटलोडियाची. म्हणाली, "हुं आवी त्यारे मने खबर न्होती, मेतकूट एटले शुं." लग्न होऊन आली तेव्हा मेतकूट म्हणजे काय तेच माहीत नव्हते. जाहिरात आम्हाला तिथेच सापडली.

रात्रीची वेळ. नवरा तापाने पडलेला, खिचडी नको म्हणून मान फिरवतो. नवी सून फळीवरच्या डब्यांची झाकणे एकेक उघडून वास घेते. कुठल्याच डब्यावर नाव नाही, आपल्याकडे असतेच कुठे! एका डब्याशी ती थांबते. मऊ भातावर तूप, वर पिवळसर भुकटी. नवरा वासाने डोळे उघडतो. ती विचारते, "आ शुं छे?" तो म्हणतो, "मेतकूट. आईचं." आणि बोट चाटतो. मग नुसता बाटलीचा फोटो आणि नंबर, पूर्ण चार सेकंद. एकंदर वीस सेकंद. काम खऱ्या सुनेने आणि खऱ्या मुलानेच केले. खर्च दोन हजार तीनशे, त्यात तांदूळ आणि तूपही आले.

शब्द मोजायला शिका. तीस सेकंदांत सावकाश बोललेले साठ-पासष्ट शब्द मावतात, आणि मावतात म्हणून भरायचे नसतात. फेविकॉलची माणसांनी लगडलेली ती बस आठवा. कोणी उत्पादनाचे गुण सांगत नाही, शेवटी बसच्या पाठीवर पाटी दिसते आणि पाहणारा हसतो. दुकानदार तुम्हाला सांगेल की स्थापना, तीन शाखा, घरपोच सेवा, सणाची सूट, सगळे घाला. त्याला प्रेमाने विचारा, यातले एकच ठेवायचे तर कोणते? तो गप्प बसला तर काम त्याच दिवशी सुरू करू नका.

आता थोडे यंत्राबद्दल, कारण इथे बहुतेकांची फसगत होते. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. म्हणजे ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. मोबाइल ३० फ्रेमवर आणि शटर १/६० ला असले की भिंतीवर काळसर पट्टे सरकताना दिसतात, आणि ते घरी जाऊन मोठ्या पडद्यावर पाहिल्यावर दिसतात. म्हणून मॅन्युअल सेटिंगवर जा, २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवा. स्वस्त एलईडी दिवे त्यातूनही दगा देतात, आधी दहा सेकंद शूट करून तपासा. पहिल्या फिल्ममधला आमचा एक अख्खा प्रसंग यातच गेला.

भाताची वाफ दिसायला दिवा समोर नको, मागून आणि जरा बाजूने हवा, आणि पाठीमागे काळोख. आम्ही रात्रीचा प्रसंग सकाळी शूट केला, खिडकीला काळी ताडपत्री लावून. चेहऱ्यावर उजेड परतवायला थर्मोकोलचा पत्रा, पन्नास रुपयांचा. भात तीन वेळा शिजवला, कारण वाफ दोन मिनिटांच्या वर टिकत नाही. वाफेसाठी सिगारेटचा धूर वगैरे करणारे आहेत. खाण्याच्या वस्तूला आम्ही तसले करीत नाही.

आवाजासाठी पंखा बंद, फ्रिज बंद. फ्रिज बंद केला की स्कूटरची चावी त्यातच ठेवायची. म्हणजे घरी निघताना चावी शोधाल आणि फ्रिज चालू कराल. नाहीतर यजमानीणबाईंचे दूध नासते आणि पुन्हा त्या घरात प्रवेश नाही. हे आम्ही पुस्तकात वाचलेले नाही.

आणि पुष्कळ लोक मोबाइलवर आवाज बंद करून पाहतात, तेव्हा बोललेले वाक्य खाली लिहून द्या. ते कमीतकमी दोनदा वाचून होईल इतका वेळ ठेवा. उभ्या आणि आडव्या, दोन्ही पडद्यांवर जाणार असेल तर महत्त्वाचे ते चौकटीच्या मध्यावर.

कायद्याचे दोन शब्द. सिनेमाचे गाणे मागे लावू नका, 'थोडेसेच लावले' ही सबब चालत नाही. गाण्याचा हक्क वेगळा आणि ध्वनिमुद्रणाचा वेगळा असतो. मंडळातल्या कोणाकडून पेटी-तबला वाजवून घ्या, आम्ही तसेच केले. दुसरे, औषधी गुणांचे दावे. एक गृहस्थ मेथीच्या लाडवांची जाहिरात करायला आले आणि म्हणाले, 'मधुमेह बरा होतो' असे लिहा. १९५४ चा कायदा आहे, मधुमेहासारख्या रोगांवर इलाज म्हणून जाहिरातच करता येत नाही. आम्ही नाही म्हटले. ते दुसरीकडे गेले. जाहिरात सिनेमागृहात दाखवायची असेल तर सेन्सॉरचे प्रमाणपत्रही लागते, दुकानदाराला ते आधी सांगा.

जे पैसे घेऊन करतात त्यांच्यासाठी. अंदाजपत्रक बाबवार लिहा आणि त्यात आकस्मिक खर्च दहा टक्के धरा. निम्मी रक्कम आधी. फेरबदल दोनदा फुकट, तिसऱ्यांदा पैसे, हे कागदावर. आणि पसंतीची सही एकाच माणसाची. भाऊ, मेहुणा, हिशेबनीस असे सगळे मते द्यायला लागले की जाहिरात संपत नाही.

काकूंच्या दुसऱ्या जाहिरातीचे काय झाले ते राहिले. आधी महिन्याला पंधरा-वीस बाटल्या जायच्या, त्या साठ-सत्तरवर गेल्या. आम्ही खूश. दिवाळीच्या आधी काकूंचा फोन आला, तो आभाराचा असेल असे वाटले. त्या म्हणाल्या, "अरे, ती जाहिरात काढून टाका. डाळी भाजून भाजून हात सुजलाय माझा, आणि लोक रागावतात, अजून नाही आलं म्हणून." माल किती होऊ शकतो हे आम्ही विचारलेच नव्हते. जाहिरात त्याच रात्री उतरवली.

आता भाजणे सुनेकडे आहे, दळण गिरणीत जाते, प्रमाण तेवढे काकू स्वतः पाहतात. डोळ्याचे ऑपरेशन फाल्गुनात झाले. त्यानंतर एका रविवारी त्यांनी आम्हाला बोलावून पहिली फिल्म पुन्हा लावायला सांगितली, दीड मिनिटाची, बासरीवाली. नव्या डोळ्याने पूर्ण पाहिली आणि म्हणाल्या, "नंबर अजूनही वाचता येत नाही रे."

ज्या मुलांना यायचे असेल त्यांनी विसर्जनानंतरच्या रविवारी सकाळी नऊला मंडळाच्या मागच्या खोलीत यावे. मोबाइल चार्ज करून आणावा, आणि कोणाकडे थर्मोकोलचा पत्रा असेल तर तोही. मखराचा शिल्लक असेलच.