संकोच सोडा, निदान करून घ्या
(आरोग्यसेविकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

ज्या अवयवाचे नाव उच्चारण्यासही आपल्या घरांत संकोच वाटतो, त्याच्या एका विकाराविषयी आज बोलावयाचे आहे. बाह्य जननेंद्रियावर गाठ आली, की स्त्री ते आईलाही सांगत नाही. कर्करोगाच्या धास्तीने ती मनात झुरत राहते. वास्तविक अशा बहुतेक गाठी सौम्य, म्हणजे कर्करोगाच्या नसलेल्या असतात.

त्यांतील सर्वांत परिचित गाठ बार्थोलिन ग्रंथीची. डेन्मार्कचे शरीरशास्त्रज्ञ कास्पर बार्थोलिन यांनी १६७७ साली या ग्रंथींचे वर्णन केले. योनिमुखाच्या दोन्ही बाजूंस त्या असतात. त्यांची नलिका बुजली, की आत द्रव साचून फुगवटा येतो. शंभरांतील सुमारे दोन स्त्रियांना केव्हातरी हा त्रास होतो.

परंतु या परिचयामुळेच कधी कधी फसगत होते. त्याच भागात क्वचित मेदाची मऊ गाठ, स्नायुतंतूंची टणक गाठ किंवा १९९२ साली वर्णिलेले अँजिओमायोफायब्रोब्लास्टोमा हे दुर्मिळ सौम्य अर्बुदही उद्भवते. वरून पाहता फरक कळेलच असे नाही. १९८३ साली वर्णिलेला आक्रमक अँजिओमिक्सोमा तर खोलवर पसरतो आणि काढल्यावरही पुन्हा उद्भवू शकतो. खोकताना फुगणारी गाठ हर्नियाची असू शकते. तीत सुई टोचल्यास आतड्याला इजा होण्याचा धोका असतो.

म्हणून निदान पायरीपायरीने करावयाचे असते. गाठ केव्हापासून आहे, वाढते काय, दुखते काय, हे विचारून डॉक्टर तपासणी करतात. ती द्रवाची की भरीव, हे सोनोग्राफीने समजते. खोल गाठीचा विस्तार एमआरआय दाखविते. अंतिम निर्णय मात्र सूक्ष्मदर्शकाचा. काढलेली गाठ प्रयोगशाळेत पाठविली काय, हे विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे. चाळिशीनंतर नव्याने आलेल्या गाठीचा तुकडा तपासून घेणे विशेष अगत्याचे आहे.

भगिनींनो, गृहभेटीत हा प्रश्न आपणच हळुवारपणे विचारावा. घरी गाठ दाबणे, फोडणे वा तीवर लेप लावणे टाळण्यास सांगावे. तपासणीच्या वेळी सोबत हवी असल्यास आपण जावे. आपल्या एका शब्दाने कित्येकींची भीती सरेल, आणि ज्या थोड्यांना खरोखरच उपचारांची निकड आहे, त्या वेळेवर रुग्णालयात पोहोचतील.