मुशीची बेंबी



कोकणातल्या कुठल्याही जेटीवर सकाळचा लिलाव चालू असतो, तेव्हा सगळ्यांचं लक्ष सुरमई आणि पापलेटच्या टोपल्यांकडे असतं. लहान मुशींचा ढीग बाजूला पडलेला असतो. मुशी म्हणजे शार्क; मालवणकडे तिला मोरी म्हणतात. त्या ढिगात काही वीतभरसुद्धा नसतात, काही हातभर लांबीच्या. त्यातलं एक पिल्लू उचलून उताणं करा. पाठ राखाडी, पोट पांढरं. छातीच्या दोन परांच्या मधोमध बोट फिरवलं की एक बारीक चीर लागते. काही पिल्लांची चीर उघडी असते, आत लालसर दिसतं. काहींची मिटत आलेली असते, आणि काहींच्या पोटावर नुसता फिकट वण उरलेला असतो. ती त्या पिल्लाची बेंबी.

माशाला बेंबी कशी, असं तुम्हाला वाटेल. बांगडा, तारली हे मासे पाण्यात ढिगाने अंडी सोडून मोकळे होतात. मुशींच्या अनेक जातींची रीत वेगळी आहे. त्यांची पिल्लं आईच्या पोटात वाढतात, वारेतून आणि नाळेतून त्यांचं पोषण होतं, आणि कित्येक जातींत नऊ-दहा महिन्यांनी, कधी वर्षभराने, ती पूर्ण तयार होऊन बाहेर येतात. जन्मताना नाळ तुटते. तिची जखम भरून यायला काही आठवडे जातात. म्हणजे उघड्या बेंबीचं पिल्लू हे नुकतंच जन्मलेलं पिल्लू. एवढ्या दिवसांत ते फार लांब गेलेलं नसतं. ज्या पाण्यात ते जाळ्यात आलं, त्याच्या आसपासच त्याची आई व्यायली असली पाहिजे. समुद्रात मुशी नेमक्या कुठे वितात, हे शोधणारे जगभरचे अभ्यासक या जखमेकडे फार बारकाईने पाहतात, ते याचसाठी.

आज मला बोलायचं आहे ते या जागांबद्दल. किनाऱ्यालगतचं उथळ पाणी, खाडीचं मुख, कांदळवनातली गढूळ दलदल, समुद्री गवताची मैदानं. मुशीची मादी खोल समुद्रातून इथे येते, पिल्लं घालते आणि निघून जाते. पिल्लांना ती एक दिवससुद्धा सांभाळत नाही. पुढची काही वर्षं ती जागाच त्यांना सांभाळते. अशा जागेला शास्त्रात नर्सरी म्हणतात. पण पिल्लं दिसली की झाली नर्सरी, असं नाही. २००७ साली मिशेल ह्यूपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यासाठी तीन कसोट्या मांडल्या, आणि त्या आजही वापरल्या जातात. आसपासच्या पाण्यापेक्षा तिथे पिल्लं जास्त सापडायला हवीत. ती तिथे बराच काळ राहायला हवीत किंवा फिरून फिरून तिथेच यायला हवीत. आणि हे एखाद्या वर्षापुरतं न राहता वर्षानुवर्षं घडायला हवं. यातली तिसरी कसोटी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. एकाच जागेची सवय पिढ्यान्‌पिढ्या टिकते, याचा अर्थ ती जागा मोडली तर दुसरी सहजासहजी सापडत नाही.

पिल्लं उथळ पाण्यात राहतात ती तिथे खाणं भरपूर असतं म्हणून, असा आपला समज असतो. अभ्यासातून पुढे आलेलं चित्र थोडं वेगळं आहे. पुष्कळ नर्सऱ्यांमध्ये खाण्यापेक्षा जीव वाचवणं हे मोठं कारण आहे. मुशीच्या पिल्लाचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे दुसरी, मोठी मुशी. अमेरिकेत फ्लोरिडाच्या टेरा सिया नावाच्या उपसागरात काळ्या टोकाच्या परांच्या मुशीची पिल्लं खुणा लावून सोडली गेली. तेव्हा दिसलं की त्यांतली निम्म्याहून अधिक पहिल्या सहा महिन्यांतच दगावतात. इतक्या सुरक्षित पाण्यात ही गत असेल, तर उघड्या समुद्रात काय होईल, याची कल्पना करता येते. याच उपसागरात २००१ साली एक वादळ आलं. वादळ येण्याआधी हवेचा दाब उतरू लागला, तशी खुणेची पिल्लं उथळ पाणी सोडून खोल पाण्याकडे निघून गेली. वादळ ओसरल्यावर ती आपल्या जागी परत आली. जन्माला येऊन काही महिनेच झालेल्या, आई कधी न पाहिलेल्या जिवांना हे कळत होतं.

या विषयात सगळ्यात जास्त काळ आणि सगळ्यात बारकाईने पाहिलेली जागा म्हणजे बहामा बेटांमधलं बिमिनी. मायामीपासून साधारण ऐंशी किलोमीटरवर, कांदळवनाने वेढलेली छोटी बेटं. सॅम्युअल ग्रुबर नावाच्या शास्त्रज्ञांनी १९९० साली तिथे संशोधन केंद्र काढलं, आणि २०१९ साली त्यांचं निधन झालं तरी ते काम चालू आहे. त्यांचा विषय होता लेमन शार्क, पिवळसर रंगाची, मोठी झाल्यावर अडीच-तीन मीटर होणारी मुशी. दरवर्षी पिल्लं जन्मली की रात्री उथळ पाण्यात जाळी लावायची. पिल्लू अडकलं की लगेच सोडवायचं, लांबी मोजायची, कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी चिप घालायची, पराचा इवलासा तुकडा कापून डीएनएसाठी ठेवायचा, आणि पिल्लू परत पाण्यात. जवळजवळ सगळी पिल्लं मोजली जातात, तीही वर्षानुवर्षं. हे काम कंटाळवाणं आहे, डासांनी फोडून काढणारं आहे, आणि त्याचं फळ वीस वर्षांनी मिळतं. ज्यांनी ते केलं त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्या पिल्लांचं रोजचं जगणं भरती-ओहोटीवर चालतं. भरती आली की मोठ्या मुशींनाही आत शिरता येतं, म्हणून पिल्लं पाण्याबरोबर कांदळवनाच्या मुळांत सरकतात. मुळांच्या त्या गर्दीत मोठ्या मुशीचं अंगच मावत नाही. ओहोटी लागली की पिल्लं पुन्हा बाहेर उथळ पाण्यात येतात. जन्मतः ती साधारण साठ सेंटिमीटरची असतात आणि दोन-तीन वर्षं या चिमुकल्या परिसराबाहेर जात नाहीत. मग हळूहळू दूर जातात. वयात यायला त्यांना बारा वर्षं किंवा त्याहून अधिक लागतात.

आणि मग काय होतं? २०१३ साली शिकागोच्या फील्ड म्युझियममधले केव्हिन फेल्डहाइम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्या डीएनएचा ताळा लावला. १९९३ ते १९९७ या काळात बिमिनीत जन्मलेल्या निदान सहा माद्या चौदा ते सतरा वर्षांनी परत आल्या आणि त्याच पाण्यात व्यायल्या, असं त्यांना आढळलं. मधल्या काळात त्या समुद्रभर फिरल्या होत्या. बाळंतपणाला मात्र त्या माहेरी आल्या.

हे कळण्याआधीच तिथे एक दुर्घटना घडून गेली होती. बिमिनीवर मोठं पर्यटन संकुल उभं राहत होतं. त्यासाठी कांदळवन तोडलं गेलं, समुद्रतळ उपसला गेला. २००१ सालच्या मार्चमध्ये उपसा जोरात होता. उपशानंतर पहिलं वर्ष पार करणाऱ्या पिल्लांचं प्रमाण २३.५ टक्क्यांनी घसरलं, असं ग्रुबर यांच्या गटाच्या अभ्यासात दिसलं. समुद्री गवतही कमी झालं. हा आकडा आपल्याला मिळतो, कारण तिथे आधीपासून कुणीतरी मोजत बसलं होतं. बाकी जगात असे उपसे झाले, भराव पडले, आणि मोजणारं कुणी नव्हतं.

आता जरा थांबून एक हिशोब करू. समजा, आज एखादी नर्सरी बुजवली. पुढच्या वर्षी मोठ्या मुशी कमी दिसतील का? नाही दिसणार. आधी जन्मलेल्या माद्या अजून समुद्रात आहेत, त्या येत राहतील. बाजारात माल येत राहील. भराव घालणारा म्हणेल, बघा, काही बिघडलं नाही. बिमिनीच्या माद्यांसारखी पंधरा वर्षांनी परतणारी जात असेल, तर नुकसान जाळ्यात दिसायला पंधरा वर्षं लागतील. तोवर भराव टाकणारा अधिकारी निवृत्त झालेला असेल आणि खाडीवर रस्ता झालेला असेल. मुशीच्या बाबतीत उशिरा जाग येणं फार महागात पडतं ते यामुळे.

आपल्या किनाऱ्याकडे येऊ. महाराष्ट्रात सगळ्यात जास्त ओळखीची मुशी म्हणजे स्कोलिओडॉन. चपट्या, फावड्यासारख्या नाकाची, जेमतेम दोन-सव्वादोन फुटांपर्यंत वाढणारी. ज्यांनी प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केलं, त्यांच्यापैकी जुन्या पिढीने ही कापलेली आहे. १९२८ साली थिल्लयंपलम यांनी तिच्यावर लिहिलेला ग्रंथ भारतभरच्या प्रयोगशाळांत वापरला गेला. तिच्या मेंदूतून निघणाऱ्या नसा पाठ करून आम्ही परीक्षा दिल्या. ट्रेमध्ये पडलेली ती कुठल्या खाडीच्या तोंडाशी जन्मली असेल, हा प्रश्न मात्र प्रात्यक्षिकाच्या वहीत कधी आला नाही. तिचं अंडं जेमतेम मिलिमीटरभर असतं, म्हणजे जवळजवळ सगळं पोषण आईकडून होतं. एका वेताला साधारण डझनभर पिल्लं, बारा ते पंधरा सेंटिमीटर लांबीची. ती उथळ, गढूळ पाण्यातली, खाडीच्या मुखाशी रमणारी जात आहे, आणि डोल, ट्रॉल, कांडाळी अशा सगळ्याच जाळ्यांत येते. ती लवकर वयात येते, म्हणून अजून टिकून आहे.

हातोड्यासारख्या डोक्याच्या मुशीचं तसं नाही. धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ती आता अतिसंकटग्रस्त आहे. हवाईतला कानेओहे उपसागर किंवा फिजीतल्या रेवा नदीचं मुख ही तिच्या पिल्लांची नावाजलेली ठिकाणं, दोन्ही गढूळ पाण्याची. आपल्याकडेही तिची हातभर लांबीची पिल्लं जेटीवर उतरतात. ती आली आहेत याचा अर्थ आपल्याही किनाऱ्यावर तिची अशी ठिकाणं आहेत.

आपल्या कायद्याने मुशींकडे लक्ष दिलेलं नाही, असं म्हणता येणार नाही. २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत व्हेल शार्क आणि काही मुशी-पाकट आल्या, २०२२ च्या दुरुस्तीने यादी वाढली. पर कापून धड समुद्रात फेकण्यावर २०१३ मध्ये बंदी आली, परांची निर्यात २०१५ मध्ये बंद झाली. हे सगळं योग्यच झालं. पण पिल्लाच्या परांना बाजारात फारशी किंमत नसते. पिल्लू मरतं ते मांसासाठी, किंवा दुसऱ्याच माशासाठी लावलेल्या जाळ्यात. जातींची यादी त्याला वाचवायला पुरत नाही. त्याला जागा वाचवते, आणि जागेचा विचार अजून व्हायचा आहे.

मुशी खाऊ नका, असं मी सांगणार नाही. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुशीचं कालवण देण्याची रीत कोकणातल्या घराघरांत आहे आणि ती गरिबाच्या ताटातली मासळी आहे. माझं म्हणणं खाड्यांबद्दल आहे. कांदळवनाला निदान कायद्याचा आधार मिळाला. उच्च न्यायालयाने २००५ साली तोडीवर बंदी घातली, २०१२ मध्ये राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष झाला. पण कांदळवन उभं आहे आणि समोरच्या पात्रात वाळूचा उपसा चालू आहे, अशी स्थिती असेल तर पिल्लाच्या दृष्टीने घर अर्धंच राहिलं. त्याला मुळंही हवीत आणि ओहोटीला उतरायला तळही हवा.

मालवणला १९८७ साली २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं. तिथल्या मच्छीमारांचा त्याला विरोध राहिला, आणि तो समजण्यासारखा आहे. रापण ओढणाऱ्या माणसाला कुणी विचारलंच नव्हतं. नर्सरीच्या बाबतीत तीच चूक पुन्हा करण्याचं कारण नाही, कारण इथे बारमाही बंदीची गरजही नसते. अमेरिकेत उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्यासमोर २००५ साली मुशींच्या पिल्लांसाठी तळाशी सोडायच्या लांबदोरीच्या गळांवर बंदी आली, तीही १ जानेवारी ते ३१ जुलैपर्यंतच. कोस्टारिकाने २०१८ साली गोल्फो दुल्से या आखातातला एक पट्टा हातोडी मुशीच्या पिल्लांसाठी राखला. ठरावीक जागा आणि ठरावीक काळ, एवढ्यावर बरंच साधतं. आपल्याकडे जून-जुलैच्या बंदीची सवय किनाऱ्याला आहेच. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यात ट्रॉलरने यायचं नाही, हा नियमही जुना आहे. तो पाळला गेला तरी निम्मं काम होईल.

उरलेल्या निम्म्यासाठी माहिती हवी आणि ती नाखव्यांकडे आहे. कुठल्या महिन्यात कुठल्या मुखाशी उघड्या बेंबीची पिल्लं येतात, हे त्यांना ठाऊक असतं. ते कुणी लिहून घेत नाही, इतकंच. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी मुलांना जेटीवर पाठवावं. तारीख, जागा, किती वाव पाणी, कुठलं जाळं, पिल्लाची लांबी, बेंबी उघडी की मिटलेली, एवढं लिहिलं तरी दोन-तीन वर्षांत खाडीचा नकाशा उभा राहील. त्या नकाशाशिवाय बंदरखात्याला किंवा वाळूच्या लिलावाला हरकत घेता येत नाही.

आणि पैशांचंही बोलायला हवं, कारण जाळं उचललं की त्या घराची चूल थांबते. २०१८ च्या अखेरीपासून आपल्या राज्यात एक चांगली योजना आहे. व्हेल शार्क किंवा कासवासारखा संरक्षित प्राणी जाळ्यात आला आणि मच्छीमाराने जाळं कापून त्याला सोडलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कित्येक नाखव्यांनी असे प्राणी सोडले आहेत आणि भरपाई घेतली आहे. त्याच धर्तीवर, पिल्लांच्या दिवसांत एखाद्या खाडीच्या मुखाशी तीन-चार आठवडे जाळी न लावणाऱ्या घरांना तेवढ्या दिवसांची भरपाई मागता येईल. ही मागणी मच्छीमार सहकारी सोसायटीच्या ठरावातून गेली, आणि कुठली खाडी, कुठला महिना, कुठलं जाळं हे त्या ठरावात सोसायटीनेच लिहिलं, तर मत्स्यव्यवसाय विभागाला ती बाजूला सारणं अवघड जाईल.