दूरदेशीं प्रवाशास काय सांपडतें?

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवीं केलेलें भाषण)



या मंडपांत आज कित्येक जागा रिकाम्या आहेत. तेथें बसावयाचीं आपलीं मुलें कोणी कुवेतांत, कोणी कॅनडांत, तर कोणी जहाजावर आहेत. म्हणून दूरदेशचा प्रवास हाच विषय मीं निवडला आहे. मात्र उदाहरण घेणार आहें तें तिकडून इकडे आलेल्या एका प्रवाशाचें.

इ. स. १५७९ च्या एप्रिलच्या ४ तारखेस फादर थॉमस स्टीफन्स हे येशूसंघीय इंग्रज लिस्बनहून निघाले आणि २४ ऑक्टोबर रोजीं गोव्यास पोहोंचले. पुढें थोड्याच दिवसांनीं, १० नोव्हेंबरला, त्यांनीं आपल्या वडिलांस पत्र लिहिलें. वारा पडून खोळंबलेलें गलबत, उडणारे मासे, हिरड्या सुजून आजारी पडलेले लोक, हें सर्व त्यांत आहे. उत्तर-दक्षिण अंतर सूर्यावरून मोजतां येतें, परंतु पूर्व-पश्चिम अंतरास आकाशांत स्थिर खूण नाहीं, ही नावाड्यांची अडचणहि त्यांनीं नोंदविली आहे. हें प्रवाशाच्या डोळ्यांस सांपडलेलें धन होय.

पुढें चार वर्षांनीं, १५८३ सालीं, त्यांनीं भावास पत्र लिहिलें. त्यांत येथील भाषांची ठेवण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी असल्याचें ते सांगतात. सर विल्यम जोन्स यांनीं संस्कृताचें असेंच नातें कलकत्त्यास विद्वानांपुढें मांडलें तें १७८६ सालीं, म्हणजे दोनशें वर्षांनीं! हें कानास सांपडलेलें धन. तें उतरल्याबरोबर हातीं लागत नाहीं. त्यासाठीं लोकांत राहून शिष्य व्हावें लागतें.

फादर स्टीफन्स उरलेला सारा जन्म शिष्यच राहिले. नवख्रिस्ती लोकांचीं जुनीं पुराणें सुटलीं होतीं, आणि त्यांच्या जागीं गावयास कांहीं नव्हतें. ही उणीव ओळखून त्यांनीं ज्ञानदेव-एकनाथांच्या ओवीछंदांत, अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचें, ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. १६१९ सालीं गोमंतकांतच त्यांनीं देह ठेवला. त्यांचें कोंकणी व्याकरण त्यांच्या पश्चात् १६४० सालीं प्रसिद्ध झालें.

ज्या राज्याच्या गलबतांतून ते आले, त्याच राज्यानें १६८४ सालीं कोंकणी सोडून पोर्तुगीज बोलण्याचें फर्मान काढलें, हेंहि विसरूं नये. एकानें परक्याची भाषा हृदयाशीं धरली. दुसऱ्यानें ती त्याच्या तोंडांतून काढून घेऊं पाहिलें. दोघेहि समुद्र ओलांडूनच आले होते.

माझाहि एक दोष येथें सांगतों. नवदीक्षित असतां मीं एका गांवीं सेमिनरीच्या शुद्ध मराठींत मोठें प्रवचन केलें. मिस्सानंतर एक वृद्धा म्हणाली, "फादर, लई ग्वाड बोललात, आतां आमाला कळंल असं कवा सांगाल?" मी अवघा दोन तासांचा प्रवास करून गेलों होतों, पण त्या गांवीं पोहोंचावयास मला दोन वर्षें लागलीं.

आज पुष्कळ घरांत आजी इकडे व नातू परदेशीं असतो. दूरध्वनीच्या पडद्यावर दोघांचीं तोंडें दिसतात. बोलणें मात्र जुळत नाहीं. आजी "जेवलास का?" एवढेंच विचारते आणि गप्प होते. बंधूंनो, हें अंतर कोणतें विमान तोडणार?

म्हणून परदेशीं असलेल्या मुलांस माझें सांगणें आहे कीं, केवळ मजुरी घेऊन परत येऊं नका; त्या लोकांची भाषा शिका, त्यांचें दुःख ऐका. आणि आईबापांनो, त्यांच्या लेंकरांशीं आपल्या भाषेंत बोला. आठवड्यांतून एकदां तरी त्यांच्यासह रोझरी मराठींत म्हणा. चाळीस वर्षें खपून एका इंग्रजानें जी भाषा मिळविली, ती आपल्या उंबरठ्यावर हरवूं नये.

परमेश्वर जाणाऱ्यांस सुखरूप नेवो, आणि येणाऱ्यांस घरची वाणी ओळखतां येवो. आमेन.