साठा म्हणजे संपत्ती नव्हे

(पालम येथे स्वयंसेवक व त्यांच्या कुटुंबीयांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



सोयाबीनच्या पोत्यांची थप्पी घरात लावून भाववाढीची वाट पाहणे म्हणजे काय, हे पालम तालुक्याला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये काही बाजार समित्यांत सोयाबीनने क्विंटलमागे दहा हजार रुपयांचा टप्पा गाठला. तो भाव टंचाईचा होता, आणि टंचाई कायम टिकत नसते. तरीही त्या आकड्याची आठवण ठेवून अनेकांनी पुढील हंगामांचा माल राखून ठेवला. २०२४ च्या हंगामात ४,८९२ रुपये हमीभाव जाहीर असूनही मोंढ्यातील भाव त्याच्या खालीच राहिले.

हाच प्रश्न अमेरिकेतील एनव्हिडिया या कंपनीच्या गुंतवणूकदारांपुढे उभा राहिला होता. संगणकाच्या पडद्यावरील चित्रे वेगाने उमटविणाऱ्या ग्राफिक्स चिप ही कंपनी तयार करते. मूळ ग्राहक संगणकावर खेळ खेळणारे. परंतु २०१७ च्या सुमारास आभासी चलन निर्माण करणाऱ्यांनी याच चिपवर उडी घातली. मागणी फुगली, किमती चढल्या. २०१८ मध्ये आभासी चलनाचे भाव कोसळले, ते ग्राहक नाहीसे झाले आणि विक्रेत्यांच्या गोदामांत माल पडून राहिला. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिमाही निकालासोबत हे उघड होताच एका दिवसात समभाग सुमारे १९ टक्क्यांनी घसरला. जानेवारी २०१९ मध्ये कंपनीने तिमाही विक्रीचा अंदाज २७० कोटी डॉलरवरून २२० कोटी डॉलरवर आणला.

यातील मर्म ध्यानात घेण्यासारखे आहे. माल कारखान्यातून बाहेर पडला म्हणजे तो विकला गेला, असे होत नाही. तो व्यापाऱ्याच्या गोदामात असेल तर विक्री केवळ कागदावर झालेली असते. पुढील तिमाहीत व्यापारी नवी मागणी नोंदवीत नाही. म्हणून जाणता गुंतवणूकदार नफ्याच्या आकड्याआधी साठ्याकडे पाहतो. विक्रीपेक्षा साठा वेगाने वाढतो आहे काय? मागणी खऱ्या वापराची आहे की सट्ट्याची? जुना माल पडून असताना नवा, सरस माल बाजारात येऊ घातला आहे काय?

इतके होऊनही २०२२ मध्ये पुनरावृत्ती झाली. ऑगस्टमध्ये कंपनीने सांगितले की तिमाहीची विक्री अंदाजित ८१० कोटी डॉलरऐवजी ६७० कोटी डॉलरच होईल आणि प्रामुख्याने साठ्यापोटी सुमारे १३२ कोटी डॉलरचा भार सोसावा लागेल. लेखाशास्त्राचा नियमच असा, की माल विकून खर्चाइतकेही पैसे येणार नसतील तर ती तूट लगेच हिशेबात दाखवावी लागते. त्याच वर्षी मे महिन्यात, आभासी चलनामुळे विक्री किती वाढली हे गुंतवणूकदारांना पुरेसे न सांगितल्याबद्दल अमेरिकेच्या रोखे बाजार नियामकाने या कंपनीस ५५ लाख डॉलरचा दंड केला होता. व्यवहारात सत्य हे भांडवलाइतकेच आवश्यक असते, ते याचसाठी.

पुढे कृत्रिम बुद्धिमत्तेची लाट आली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीचे बाजारमूल्य पाच लाख कोटी डॉलरवर गेले. परंतु त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकी शासनाने चीनला पाठवावयाच्या एका चिपवर परवान्याची अट घातली आणि साठा व खरेदीच्या करारांपोटी सुमारे ४५० कोटी डॉलरचा फटका बसला. मागणी होती, परंतु दार बंद झाले. ज्या राष्ट्राला चिप आयात करावी लागते त्याने दाराची ही किल्ली कोणाच्या हाती आहे, हे ओळखले पाहिजे. डिसेंबर २०२१ मध्ये भारत शासनाने सेमीकंडक्टर उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली, तिचे महत्त्व येथे आहे.

कंपनी आणि कास्तकार यांत एक अंतर मात्र मोठे आहे. कंपनी तोटा हिशेबात लिहून पुढील तिमाहीची तयारी करते. कास्तकाराच्या तोट्यातून मुलीचे शिक्षण थांबते, सावकाराचे व्याज चढते. म्हणून त्याच्या पाठीशी समाजाची व्यवस्था उभी हवी. राज्य कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवून, सोयाबीनसाठी त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज वर्षाला सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते. घाईची विक्री तिने टळते. आणि सहा महिन्यांची मुदत असल्याने अंतहीन वाट पाहण्याचा मोहही आवरला जातो.

पुण्यात नोकरी करणारा मुलगा म्युच्युअल फंडात पैसे घालतो, वडील घरात सोयाबीन राखतात. दोघांनाही एकच विवेक हवा: कालचा भाव हा उद्याचा करार नव्हे. कार्यकर्त्याने घरोघरी जावे तेव्हा तारण योजनेची माहिती सोबत न्यावी, आणि थप्पीकडे बोट दाखवून एवढेच विचारावे, ‘याचा खरा ग्राहक कोण?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर ज्या घरात शोधले जाईल, ते घर तेजीत वाहवणार नाही आणि मंदीत मोडणार नाही.