आधी टेप, मग पाना



गॅरेज चालवणाऱ्यांच्या अधिवेशनात अध्यक्षाने धंद्याची परंपरा, सरकारी धोरण आणि विजेवरच्या गाड्यांचं आव्हान यांवर बोलावं, अशी रीत आहे. त्या विषयांवर बोलणारे जाणकार या दोन दिवसांत तुम्हाला भेटणार आहेतच. मी फक्त एका तक्रारीवर बोलणार आहे. चारही चाकांना ताकद जाणारी व्हॅन पार्किंगमध्ये फुल टर्न मारला की अडते. टायर कुरकुरतात, खालून धक्के येतात, हँडब्रेक अर्धा ओढलेला राहिलाय असं वाटतं. सरळ रस्त्याला लागली की सगळं गायब.

उदाहरण म्हणून अमेरिकेतली शेव्हर्ले ॲस्ट्रो घेतो. १९९० च्या मॉडेलपासून ती चार चाकांच्या ड्राइव्हमध्ये मिळू लागली, २००५ मध्ये बंद झाली. एकाच व्हॅनमध्ये वेगवेगळ्या काळात दोन वेगळ्या विचारांचे ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या पेट्या, बसले, म्हणून शिकायला ती सोयीची. ही गाडी आपल्या दारात येणार नाही, हे खरं. पण जिप्सीला फोर व्हील लावून डांबरावर वळवणारं गिऱ्हाईक आपण सगळ्यांनी पाहिलंय, आणि चाकणमध्ये बनलेल्या एक्सयूव्ही ५०० आणि ७०० यांच्या ऑल व्हील ड्राइव्ह गाड्या रस्त्यावर आहेत. गणित सगळ्यांना एकच लागू.

ते गणित आधी मांडतो, कारण ते न मांडताच पाना हातात घेण्याची आपल्याला सवय आहे. ॲस्ट्रोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर १११ इंच, म्हणजे सुमारे २.८२ मीटर. घट्ट वळणात मागच्या ॲक्सलचा मध्य साडेपाच मीटर त्रिज्येने फिरतोय असं धरा. पुढच्या ॲक्सलचा मध्य त्याच केंद्राभोवती फिरतो, पण त्याची त्रिज्या पायथागोरसने ६.१८ मीटर निघते. एक पूर्ण फेरी मारली की मागचा ॲक्सल साडेचौतीस मीटर चालतो आणि पुढचा जवळपास एकोणचाळीस. टायरचा घेर २.२ मीटर धरला, तर पुढची चाकं मागच्यांपेक्षा सरासरी दोन फेऱ्या जास्त फिरतात. प्रॉपेलर शाफ्टवर ॲक्सलच्या रेशोने हा फरक तीन-चार पटीने वाढतो. दोन्ही शाफ्ट एकमेकांना घट्ट जोडलेले असतील तर या जादा फेऱ्यांना जायला जागाच उरत नाही. शाफ्ट पीळ खातो, आणि शेवटी कुठलातरी टायर घासून तो पीळ सोडवतो. खडीवर किंवा चिखलात चाक सहज घसरतं, म्हणून तिथे गाडी गप्प असते. त्यामुळे तक्रार तपासायची तर कोरड्या डांबरावर किंवा सिमेंटवर. गॅरेजसमोरच्या मातीत फेरी मारून "काही नाही साहेब, चांगली आहे" असं सांगणारे कमी नाहीत.

आता टायर. चारी टायर एकाच मापाचे आहेत एवढं वाचून आपण समाधान मानतो. पुढे नवे दोन टाकले आणि मागचे चार मिलिमीटर झिजलेले राहिले, तर घेरात पंचवीस मिलिमीटरचा फरक पडतो. हिशोबाने तो दर किलोमीटरला पाच फेऱ्यांचा होतो, आणि तोही सरळ रस्त्यावर, दिवसभर. ट्रान्सफर केसमधलं कपलिंग किंवा क्लच तेवढा वेळ तापत राहतं. म्हणून पहिलं हत्यार टेप. हवा सारखी करा, टायरवर खडूची खूण करा, गाडी ढकलून चाकाची एक फेरी होऊ द्या आणि जमिनीवरचं अंतर मोजा. चारही चाकांचं. स्कॅनर नंतर लावता येईल. पीळ मोजणारा सेन्सर अजून कुठल्या गाडीत मी पाहिलेला नाही.

टायर जुळले आणि तरीही गाडी अडत असेल, तर ऐकण्याचं काम सुरू होतं. क्रॉस गेला की ठोका येतो, सीव्ही जॉइंट गेला की टकटक. पॉवर स्टेअरिंगचा पंप फुल टर्नला कण्हतो, पण गाडी जागेवर उभी असतानाही कण्हतो. ब्रेक चिकटला असेल तर हब गरम लागतं. ड्राइव्हलाइनचा पीळ यांहून वेगळा. इंजिन आयडलवर ठेवून गाडी सरपटू दिली की ती हळू होते आणि थांबते, न्यूट्रल करून धक्का दिला तरी वळणात पुढे जायला कुरकुरते. थंड गाडीवर एकदा आणि तासभर चालवून आल्यावर एकदा पाहा. दोन्हींत फरक पडला, तर तीही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

मग येतो तो निर्णायक प्रयोग: पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढा आणि तीच फेरी पुन्हा मारा. अडणं गेलं तर दोष ट्रान्सफर केसच्या वाटेला. तसंच राहिलं तर ट्रान्सफर केसला हात लावू नका, मागच्या डिफरन्शियलकडे किंवा ब्रेककडे वळा. चार बोल्टचं काम, पण हजारो रुपयांची चूक वाचवतं.

जुन्या ॲस्ट्रोमध्ये बोर्ग-वॉर्नरचा ४४७२ केस असे. त्यात मधलं डिफरन्शियल असतं आणि सोबत व्हिस्कस कपलिंग: बंद डब्यात एकाआड एक प्लेटा, मध्ये सिलिकॉनचं तेल. वेगात फरक पडला की तेल ओढ धरतं. वळणातला सावकाश फरक ते सोडून देतं, घसरलेल्या चाकाचा मोठा फरक सोडत नाही. तापून तापून हे कपलिंग घट्ट झालं, की मधलं डिफरन्शियल असून नसल्यासारखं. इथे शाफ्ट काढल्यावर सगळा भार कपलिंगवर पडतो, म्हणून फेरी छोटी आणि सावकाश. आणखी एक तपासणी: गिअर न्यूट्रल, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, पुढचं एकच चाक जॅकवर. लांब दांड्याने जोर दिला आणि चाक संथपणे फिरत राहिलं, तर कपलिंग जिवंत आहे. हललंच नाही, तर तुम्हाला उत्तर मिळालं.

१९९९ पासून त्याच्या जागी एनव्ही १३६ हा केस आला. गाडी एरवी मागच्या चाकांवर चालते, आणि एक छोटी मोटर क्लचच्या प्लेटा दाबून पुढे ताकद पाठवते. मोटर दाबलेल्या जागी अडकली, तर वळणात पीळ. तेल भलतंच भरलं, तर प्लेटा चिकटून थरथर. याला निळं ऑटो-ट्रॅक टू तेल लागतं. ड्रेन प्लगमधून लाल तेल आलं, की आधीच्या गॅरेजने काय केलंय ते कळतं. अशा वेळी केस उघडण्याआधी तेल बदलून पाहायला हरकत काय?

या सगळ्याला अर्धा दिवस जातो. आणि आपल्या बिलात त्या अर्ध्या दिवसाला ओळ नाही. पार्टची ओळ आहे, मजुरीची आहे, निदानाची नाही. त्यामुळे प्रामाणिक कारागीरसुद्धा घाईघाईने पार्टकडे जातो, कारण पैसे तिथेच मिळतात. गिऱ्हाईक तपासणीचे पैसे देत नाही, असं आपण म्हणतो. मला हे पटत नाही. डॉक्टरला फी आणि औषधाला वेगळे पैसे तोच माणूस देतो. मात्र डॉक्टर चिठ्ठी लिहून देतो, आपण "बघतो" म्हणतो. चार टायरचे घेर, थंड आणि गरम फेरीतला फरक, शाफ्ट काढून आलेला निकाल, एवढं कागदावर लिहून हातात दिलं, तर आकार मागायला तोंड उरतं.

म्हणून माझ्यातर्फे एकच ठराव दुपारच्या सत्रात ठेवतो. आपल्या सभासदांच्या छापील बिलात मजुरीच्या वर 'तपासणी' अशी स्वतंत्र ओळ असावी, आणि ती आकारणाऱ्याने सोबत मोजमापांचा कागद जोडणं बंधनकारक असावं. रक्कम किती, यावर भांडण होईल. होऊ द्या. ठराव सविस्तर वाचून दाखवायला मी तीन वाजता पुन्हा उभा राहीन.